घास उतरतोय, म्हणजे सूज उतरली?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. भाकरीचा घास छातीत अडकायचा. दुर्बिणीतून तपासलं, अन्ननलिकेचे बारीक तुकडे काढले, तेव्हा 'इओसिनोफिलिक इसोफेजायटिस', म्हणजे अन्ननलिकेची ॲलर्जीची सूज, निघालं. दम्याचा पंप दिलाय, पण ओढायचा नाही, तोंडात मारून गिळायचा. आता तो नीट जेवतो. तरी डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालू म्हणतात. रक्त तपासून भागणार नाही का?
– एक आई, पारोळा

उत्तर : ताई, रक्तावर भागणार नाही. इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तात त्या दम्याने वाढतात, जंतांनीही वाढतात. अनवाणी शेतात फिरणाऱ्या पोरांच्या रिपोर्टात तर मला त्या नेहमीच वाढलेल्या दिसतात. उलट अन्ननलिका सुजलेली असूनही रक्तातला आकडा साधा येऊ शकतो. निदानाचा आकडा तुकड्यातला : सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त पेशी. उपचाराने त्या १५ च्या खाली आल्या का, एवढंच बघायचंय.

तुमच्या 'नीट जेवतो'पाशी मात्र मी अडतो. घरचे सगळे हेच सांगतात. मग मी खोदून विचारतो. कळण्याची भाकरी डाळीत पार भिजवून काला करतो का? घासागणिक पाणी लागतं का? पंगतीत सगळ्यात शेवटी उठतो का? वरणबट्टीच्या जेवणात बट्टी टाळून नुसत्या भातावर येतो का? आई गप्प होते आणि पोरगं हसतं. सूज तशीच असते, माणूस तिला धरून जेवायला शिकलेला असतो. ती वर्षानुवर्षं राहिली की नलिका अरुंद होते. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत ते अरुंदपण दिसतं, पेशी दिसत नाहीत.

दुर्बीण टाळायचे प्रयत्न चालू आहेतच. अमेरिकेत दोरीची चाचणी आहे : कॅप्सूलमधली दोरी गिळायची, एक टोक गालाला चिकटवायचं, तासाभराने ओढून काढायची आणि तिला लागलेल्या स्रावात इओसिनोफिलची प्रथिनं मोजायची. दुसरी स्पंजची. कॅप्सूल पोटात विरघळते, आतला स्पंज फुलतो आणि दोऱ्याने वर ओढताना नलिकेच्या पेशी खरवडून आणतो. मला दोरीची कल्पना जास्त आवडते, पोरं तिला कमी घाबरतील. पण जळगाव-धुळ्याकडे यातलं काही वापरात मला दिसलेलं नाही. नाकातून जाणारी बारीक दुर्बीण असते, तिला भूल लागत नाही आणि तुकडेही घेता येतात. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

पंप मारल्यावर तो अर्धा तास पाणी पीत नाही ना, तेही बघा. लगेच पाणी प्यायलं तर औषध नलिकेला लागायच्या आत धुऊन जातं. आणि कधी घास अडकून थुंकीही गिळता येईना, तर केळं-भात खाऊन खाली ढकलायच्या नादी लागू नका, थेट दवाखाना गाठा.

उपचार सुरू झाल्यावर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं त्यात बसतं. नलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागातून मिळून निदान सहा तुकडे घ्यायला सांगा, कारण सूज ठिपक्याठिपक्यांनी असते. बरं वाटतंय म्हणून तपासणीआधीच पंप बंद करू नका. मग तुकड्यात पेशी दिसल्या, तरी औषध लागू पडलं नाही की ते थांबवल्यामुळे वाढल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही.