पत्रात मुलगा कुठे आहे?

तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला कॅनडात नोकरी लावून देणाऱ्या एजंटचा उल्लेख सहा वेळा आलाय. मुलाला मात्र एकच ओळ मिळाली: 'तो वेल्डिंग इन्स्पेक्शनच्या कोर्सचं म्हणतो, पण त्याला काय कळतंय?' तेवीस वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा केलेला, दीड वर्ष वर्कशॉपमध्ये राबणारा मुलगा आहे हो तो. त्याला कळत नाही असं कसं म्हणता? मला काळजी आहे ती या ओळीची.

तुम्ही विचारता, कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कंपनीच्या २ वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टसाठी एजंट १४ लाख मागतोय, त्यासाठी शेत गहाण टाकू का, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास कुठला लावू. शेत गहाण टाकू नका. क्लासचं नंतर बघू.

'प्रांतालाच माणसं हवीत, एलएमआयए काढून देतो, पीआर पक्कं' असं एजंट सांगतो. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाला मिळणारी कॅनडा सरकारची मंजुरी, पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना. प्रांताला माणसं हवीत हे खरं आहे. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे चारही प्रांत म्हातारे होत चालले आहेत. म्हणून तिथे २०१७ मध्ये परदेशी कामगारांसाठी खास योजना प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०२२ पासून ती कायम झाली. पण त्या योजनेत मालकाला प्रांताची मान्यता लागते, एलएमआयए लागतच नाही! एलएमआयए हा वेगळाच रस्ता. 'इथे माणूस मिळत नाही' हे मालकाने सरकारला पटवायचं आणि एका जागेमागे १,००० डॉलर फी स्वतः भरायची. ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. त्यातून मिळणारं परमिट बहुतेक वेळा त्याच मालकाशी बांधलेलं असतं, म्हणजे मालकाशी बिनसलं की नवीन परवानगी मिळेपर्यंत हातावर हात. आणि पीआर? कुठल्याही रस्त्याने जा, शेवटचा शिक्का कॅनडाच्या केंद्र सरकारचाच. पैसे घेऊन एलएमआयएचे कागद विकण्याचा बाजार मांडला गेला, म्हणूनच एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत, नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. ऑफर खोटी निघाली तर एजंट हात वर करेल, मुलावर मात्र ५ वर्षांची बंदी येऊ शकते.

मग १४ लाख नेमके कशाचे? आपल्याकडे १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ताडून बघा. क्रमांक मागितल्यावर तो चिडला, तर तेही उत्तरच समजा.

इन्स्पेक्शनचा कोर्स मला आवडला. मुलाला परदेशी जायचंच असेल, तर चार वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यावर तो स्वतःच्या जोरावर अर्ज करेल. नसेल जायचं, तर तोही त्याचा निर्णय. हे पत्र त्याला वाचायला द्या आणि पुढचं त्याला लिहू द्या.

एजंटला आगाऊ काही दिलं असेल, तर पावती आजच मागून घ्या.