एका ओळीची दुरुस्ती कशी पाठवायची?

प्रश्न: गिटहबवरच्या एका ओपन सोर्स प्रकल्पात एका ओळीची चूक सापडली. दुरुस्ती कशी पाठवू?

उत्तर: चूक आधीच कुणी नोंदवली आहे का, ते 'इश्यूज'मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत, पाहा. मग प्रकल्प फोर्क करा (तुमच्या खात्यात त्याची प्रत घ्या), ती प्रत क्लोन करा (संगणकावर उतरवा) आणि बदलांसाठी नवी ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा, काढा. थेट 'मेन' या मुख्य ब्रँचवर काम केलंत तर पुढे मूळ प्रकल्पाशी जुळवताना गुंता होतो.

कमिटआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, काय बदललं ते दाखवणारी 'गिट डिफ' ही आज्ञा चालवाच. नवखे बहुधा इथेच फसतात: सेव्ह करताना एडिटर अख्खी फाइल फॉरमॅट करतो आणि एका ओळीऐवजी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. त्यात खरी दुरुस्ती शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. ती सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा.

प्रकल्पाच्या टेस्ट चालवा, बदल पुश करा (गिटहबवरच्या तुमच्या प्रतीत चढवा) आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती, उघडा. वर्णनात 'फिक्सेस', # आणि इश्यूचा क्रमांक इंग्रजीत लिहिलात, तर बदल मुख्य ब्रँचमध्ये मर्ज (समाविष्ट) होताच इश्यू आपोआप बंद होतो. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी सुधारणा सुचवल्या, तर त्याच ब्रँचवर पुश करा. नवी रिक्वेस्ट नको.