चालकुडी नदीच्या खोऱ्यात धनेश पाहण्यासाठी कोणते महिने चांगले?

केरळमधील अथिरप्पिल्ली-वाझाचाल भागात धनेश (हॉर्नबिल) पक्षी पाहायचे असतील, तर जानेवारी ते मार्च हे महिने निवडावेत आणि सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास नदीकाठच्या रस्त्यावरच घालवावेत. या खोऱ्यात महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि राखी धनेश अशा 4 जाती आढळतात. हा त्यांच्या विणीचा काळ असून, मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड, अरुंद फट ठेवून, आतून लिंपून घेते, त्यामुळे नराला दिवसभर फळांसाठी ये-जा करावी लागते. अरुंद फटीशी बसून तो घशात साठवलेली फळे एकेक करून तिच्या चोचीत देतो, ते दृश्य खरोखर विलक्षण असते. फळांनी लगडलेला उंबर किंवा वड दिसला की तेथेच थांबावे. महाधनेशाच्या पंखांचा घरघराट तो दिसण्याआधीच ऐकू येतो. वाझाचालच्या पुढे झाडांच्या शेंड्यांवर सिंहपुच्छ माकडेही दिसू शकतात. मात्र ढोलीजवळ मुळीच जाऊ नये, कारण माणसाची चाहूल लागताच नर फळे न देताच परत फिरू शकतो आणि आत कोंडलेली मादी व पिल्ले उपाशी राहतात.