ट्रेक लीडरसाठी 16 तासांचा प्रथमोपचार कोर्स पुरेसा आहे का?

ट्रेक एका दिवसाचा आणि रुग्णालय तास-दोन तासांवर असेल, तर 16 तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट एड (दुर्गम भागातला प्रथमोपचार) कोर्स चालून जातो. मुक्कामी मोहिमा नेणं हाच व्यवसाय असेल तर मात्र 70 ते 80 तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा त्यापुढचा, सखोल कोर्स करा. खरा फरक पट्ट्या बांधण्यात नाही. जखमीला रात्रभर सांभाळणं आणि आत्ताच खाली न्यायचं की उजाडल्यावर, हे ठरवणं तिथे शिकवतात. त्यासाठी नाडी, श्वास, शुद्ध, त्वचेचा रंग वेळेसह पुन्हापुन्हा लिहायचे. एकट्या आकड्यापेक्षा त्यांचा कल जास्त सांगतो.

प्रवेश घेण्याआधी प्रत्यक्ष सराव किती, ते विचारा. नुसत्या स्लाइड्स असतील तर पैसे वाया. स्प्लिंटचंच (मोडलेला हात-पाय हलू नये म्हणून बांधायचा आधार) घ्या: बांधण्याआधी आणि नंतर बोटांतलं रक्ताभिसरण, संवेदना, हालचाल बघायची. हे सगळ्यांना पाठ असतं. पण सूज वाढत जाते, मघाशी ठीक असलेली पट्टी काचू लागते, आणि पुन्हा तपासायचं राहून जातं. गारठलेल्या माणसावर पांघरुणं चढवतात, खाली मॅट घालायला विसरतात. अंगातली ऊब जमिनीत जाते.

प्रमाणपत्र सहसा 2 ते 3 वर्षं चालतं, मग उजळणी कोर्स.