मामांच्या डोक्यातलं सॉफ्टवेअरमध्ये का उतरत नाही?

प्रश्न : सर, अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप (पत्र्याचे पार्ट दाबून पाडायचं वर्कशॉप) आहे, ८५ माणसं. आधी सगळे एकाच शेडमध्ये एकमेकांच्या अंगावर काम करायचे. २ वर्षांपूर्वी कन्सल्टंट आणला, त्याने प्रॉडक्शन, क्वालिटी, टूलरूम, मेंटेनन्स असं सगळं वेगळं केलं, प्रत्येकाला हेड, प्रत्येकाचं टार्गेट. कागदावर भारी दिसतं, पण तेव्हापासून कोणाला नवीन काही सुचतच नाही, तोच डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) परत परत तसाच बिघडतो. टूलरूमचे मामा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांच्या डोक्यातलं उतरवून घ्यायला सॉफ्टवेअर घेतलं तर पोरं त्यात 'डाय क्लीन केला' एवढंच टाकतात. चूक पोरांची की सिस्टिमची?
– एक वाचक, अंबड

उत्तर : पोरांना आधी मोकळं सोडा. तुम्ही मामांनाच विचारून बघा, पंचची (डायमधल्या पत्रा कापणाऱ्या भागाची) धार गेलीय हे प्रेसच्या आवाजावरून कसं ओळखता, तर ते म्हणतील "अहो, कळतं." आता हे 'कळतं' कुठल्या रकान्यात भरणार? ते शेजारी उभं राहूनच उचलायचं असतं, आणि तुमच्या नव्या रचनेत शेजारी उभं राहायची सोयच उरली नाही ना.

जपानचे मॅनेजमेंटचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मध्ये मात्सुशिताची (म्हणजे आताची पॅनासोनिक) गोष्ट मांडली होती. घरगुती ब्रेड मशीनमध्ये कणीक काही केल्या नीट मळली जाईना, तेव्हा इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरच्या हाताखाली राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तो कणीक ताणताना पिळतो पण! ते इंजिनिअर लोकांनी मशीनमध्ये बसवलं आणि १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं. ही गोष्ट सगळेच सांगतात, पण तुमच्या कामाचा भाग त्याच्या आधीचा आहे. १९८३ मध्ये कंपनीने राइस कुकरवाले (कंट्रोल यांच्याकडे), हीटरवाले आणि मोटरवाले असे तीन डिव्हिजन एकत्र केले होते. ब्रेड मशीनला कंट्रोल, हीटर, मोटर तिन्ही लागतं, वेगवेगळ्या केबिनमध्ये बसून ते मशीन कोणाला सुचलं असतं का सांगा.

तुमच्याकडे नेमकं उलट झालंय. टूलरूमचं टार्गेट डाय लवकर परत द्यायचा, प्रॉडक्शनचं नग पाडायचे, मग नगाच्या कडेला बर (खरखरीत धार) यायला लागली तरी ऑपरेटर गप्प, कारण सांगितलं तर मशीन थांबणार आणि बोलणी त्यालाच बसणार. त्या डायचं रिजेक्शन आणि डाऊनटाइम दोन्ही हेडच्या नावावर मिळून टाका, बघा कसे एकमेकांना फोन करतात. दुसरं, शिफ्ट बदलताना १०-१५ मिनिटं दोन्ही शिफ्टची माणसं प्रेसपाशी एकत्र असू द्या. ओव्हरलॅप म्हणजे वाया गेलेला पगार असं कन्सल्टंट सांगेल, तुम्ही हो म्हणा आणि ठेवा. आणि तुमचा सगळ्यात त्रासदायक डाय आहे ना, त्यावर मामा, एक ऑपरेटर, क्वालिटीचा एक पोरगा अशी तीन माणसं ३ महिने जोडून द्या, आपापल्या डिपार्टमेंटला राहूनच.

डिपार्टमेंट मोडू मात्र नका हां, कस्टमरचं ऑडिट, कागदपत्रं, ड्रॉइंगचे बदल हे त्याशिवाय निभत नाही.

सॉफ्टवेअरही फेकू नका. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्तीवाल्या टेक्निशियन लोकांनी स्वतःच्या युक्त्या अशाच एका सिस्टिममध्ये भरल्या, पण तिथे युक्तीखाली देणाऱ्याचं नाव असायचं आणि तपासायचे त्यांचेच जोडीदार, ऑफिसातला कोणी नाही. तुमच्या पोरांनी लिहिलेलं कोण वाचतं? एचआर ना? मग 'डाय क्लीन केला' हेच येणार. लिहायला कंटाळत असतील तर मामांचा हात चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊ द्या, बोलायला ऑपरेटरला लावा.

आणि रिटायर झाल्यावर मामांना आठवड्यातून दोन दिवस बोलवायचा विचार असेल तर आत्ताच बोलून ठेवा, सिन्नरचे कारखानेवाले अशा माणसांवर टपूनच असतात.