रेसच्या केबलची ढील किती ठेवावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एकच गोंधळ फिरून फिरून दिसतो: दुचाकीच्या ॲक्सिलेटरची, म्हणजे रेसची, केबल ताठ असावी की ढिली? कुणी मित्राचं ऐकतो, कुणी चहाच्या टपरीवर ऐकलेलं सांगतो, आणि गाडीसोबत मिळालेलं हँडबुक मात्र कपाटात पडून असतं. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : फ्री प्ले म्हणजे नेमकं काय आणि तो किती असावा? (एक वाचक, इचलकरंजी)

मूठ फिरवायला लागल्यापासून केबल ताणली जाईपर्यंत जी रिकामी चाल मिळते, तो फ्री प्ले, म्हणजेच केबलची ढील. तो मुठीच्या आतल्या कडेला, कॉलरवर मोजतात. बऱ्याच गाड्यांना २ ते ६ मिमी चालतो, काहींना ३ ते ५ मिमी सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा हँडबुकातच बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा लावू नका.

प्रश्न : मित्र म्हणतात, प्ले शून्य केला की पिकअप वाढतो. खरं आहे का? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

नाही. मूठ पूर्ण फिरवल्यावर थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जेवढा उघडायचा तेवढाच उघडतो. प्ले काढून इंजिनची ताकद एक तसूभरही वाढत नाही. मूठ हलवताच गाडी हलते, म्हणून ती चपळ झाल्यासारखी वाटते. याउलट कायम ताणलेल्या केबलमुळे थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही, स्लो (मूठ सोडलेली असतानाची इंजिनची गती) स्थिर राहत नाही आणि खड्ड्यात हात हलला तरी गाडी झटका घेते. आपल्याकडचे रस्ते लक्षात घेतले तर हा धोका विकत घेण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : गाडी उभी असताना स्लो जास्त आहे. केबल ढिली केली तर उतरेल का? (एक वाचक, शाहूपुरी)

केबलला आधीच योग्य प्ले असेल तर नाही, स्लोची व्यवस्था वेगळी असते. मिस्त्रीला दाखवा.

प्रश्न : घरच्या घरी ढील कशी जुळवायची? (एक वाचक, गडहिंग्लज)

इंजिन बंद आणि थंड असू दे. हँडलजवळ केबलवर रबरी टोपी असते, ती मागे सरकवली की लॉकनट आणि ॲडजस्टर दिसतात. आधी लॉकनट सैल करा. ॲडजस्टर बाहेरच्या बाजूला फिरवत गेलात की ढील कमी होते, आत घातलात की वाढते. अर्ध्या फेऱ्यानंतर थांबून मोजा. मनासारखी ढील आली की ॲडजस्टर धरून ठेवून लॉकनट आवळा. हे न करता सोडलेला ॲडजस्टर गाडीच्या थरथरीने आपोआप फिरतो. मग मूठ पूर्ण फिरवून सोडा. ती 'टक्' करून झटकन मागे यायला हवी, हँडल सरळ असताना, डावीकडे पूर्ण वळलेलं असताना आणि उजवीकडेही.

वरचा ॲडजस्टर जवळजवळ बाहेर आला तरी ढील कमी होत नसेल, तर खालच्या बाजूला, थ्रॉटल ज्यात बसवलेला असतो त्या कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीजवळही एक ॲडजस्टर असतो. तिथे मात्र स्वतः हात घालू नका. दोन केबलच्या गाड्यांनाही हेच सांगेन: एक उघडते, दुसरी ओढून बंद करते. त्यांचा क्रम चुकला तर मूठ जड होते किंवा अडकते. ते काम माहीतगार फिटरचंच.

प्रश्न : नवीन उंच हँडल बसवून घेतलं. यू-टर्न घेताना हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते. दुकानदार म्हणतो, केबल नवीन आहे, चार दिवसांत बसेल. थांबू का? (एक वाचक, कागल)

थांबू नका. गाडी चालवणंच थांबवा.

केबलच्या आत तार आणि बाहेर नळी असते. हँडल वळलं की नळीचा मार्ग बदलतो. केबल त्या हँडलला आखूड असेल किंवा चुकीच्या बाजूने नेली असेल, तर नळी ताणली जाऊन आतली तार ओढली जाते, म्हणजे तुम्ही मूठ न फिरवताही थ्रॉटल उघडतो. यात 'बसण्या'सारखं काही नसतं. आखूड केबल चार दिवसांत लांब होत नाही. दिवस जातील तशी नळी घासते, टोकापाशी तारेचा एकेक धागा तुटायला लागतो, आणि तुटलेल्या धाग्याचं टोक नळीत अडकलं की मूठ सोडूनही रेस उतरत नाही.

हे कधी होतं, याचा विचार करा. हँडल पूर्ण वळतं ते वेग कमी असताना: दसरा चौकातल्या गर्दीत, उसाच्या ट्रॉलीमागून निघताना, पन्हाळ्याच्या वळणांवर मागे कुणी बसलेलं असताना. नेमकं तेव्हा गाडी पुढे उसळली तर पाय टेकवायलाही वेळ मिळत नाही. गगनबावड्याच्या घाटात पावसात ओल्या वळणावर असं झालं तर पुढचं सांगायला नको.

तपासणी अगदी सोपी आहे. मोकळ्या जागी गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये सुरू करा, स्लोवर ठेवा. मुठीला हात न लावता हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज किंचितही वाढला तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

आणखी एक. बरेच जण अशा वेळी केबल भरपूर ढिली करून देतात. वळवताना आवाज वाढत नाही, गिऱ्हाईक समाधानी होतं, पण नळी तेवढीच ताणलेली राहते. हा उपाय नाही, झाकपाक आहे. हँडल बदललं तर त्याच्या उंचीला पुरेल अशी केबल लागते आणि ती हँडलच्या मुळापासून मोकळ्या वळणाने जायला हवी. मोबाइलचा होल्डर, जादा लाइटची वायर, प्लास्टिकचा टाय यांत ती आवळली जाता कामा नये. हँडल विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल, तर हँडल बसवण्याचे पैसे घेताना त्याने काम अर्धंच केलंय. उद्याच चांगल्या मिस्त्रीकडे न्या. जुनं हँडल परत लावावं लागलं तरी लावा.

प्रश्न : केबलमध्ये तेल घालावं का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

जाड ग्रीस कधीच नाही. अस्तर असलेल्या केबलना बहुधा तेलाची गरजच नसते, बाकीच्यांचं हँडबुकात बघा.

प्रश्न : चालत्या गाडीत रेस अडकली तर काय करावं? (एक वाचक, राधानगरी)

क्लच पूर्ण दाबा, मग पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावा आणि कडेला घ्या. इंजिन ओरडेल, ओरडू दे. हँडलवर इंजिन बंद करणारा किल स्विच असेल तर तो दाबा, नसेल तर चावी फक्त ऑफपर्यंत फिरवा, हँडल लॉक होईल असं काही करू नका. बिनगिअरच्या स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो, तिथे ब्रेक धरूनच चावी बंद करायची. थांबल्यावर मूठ हलवून बघितली, सुटली, आणि निघालात, असं करू नका. एकदा अडकलेली केबल पुन्हा अडकते. धागे तुटलेली तार डाग देऊन जोडायची नाही, केबल बदलायची. त्यातही गाडीच्या मॉडेलचीच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालते' असं सांगून विकली जाणारी स्वस्त केबल लांबीला कधी कमी, कधी जास्त निघते.

प्रश्न : माझी गाडी बीएस-६ आहे. गॅरेजवाला म्हणतो, केबल जुळवायची तर सेन्सर रीसेट करावा लागेल, त्याचे वेगळे पैसे. (एक वाचक, शिरोली)

बीएस-६ हा प्रदूषणाचा निकष. तो लागू झाल्यावर, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलं, तरी साध्या गाड्यांत मूठ ते थ्रॉटल बॉडी केबलच असते. नुसती ढील जुळवायची असेल तर सेन्सरचा संबंध का येतो, हे त्याला विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. थ्रॉटल कुठवर बंद व्हावा हे ठरवणाऱ्या, थ्रॉटल बॉडीवरच्या स्टॉप-स्क्रूला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका, तो कारखान्यात बसवलेला असतो. काही महागड्या गाड्यांत केबलच नसते, नुसती वायर असते. तिथे जुळवायला काहीच नाही, थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती. आता सुरू होते, पण मूठ सोडली की सावकाश मागे येते. चालवू का? (एक वाचक, शिरोळ)

अजिबात नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हाच प्रश्न अनेकांनी विचारला होता. पुराच्या पाण्याबरोबर गाळ केबलच्या नळीत आणि मुठीच्या आत शिरतो, पाणी वाळलं तरी गाळ राहतो, आणि तारेला आतून गंज चढायला लागतो. वरून तेल सोडून तो निघत नाही. केबल बदला, मूठ उघडून साफ करून घ्या, थ्रॉटलची स्प्रिंग तपासायला सांगा. इंजिनात आणि ब्रेकमध्ये पाणी गेलंय का, तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.