घळईतून परत वर येताना

प्रश्न : आम्ही बाराजण उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवंटातील एका खोल घळईत एका दिवसाच्या पदभ्रमणासाठी जाणार आहोत. निम्म्यांना चालण्याचा सराव आहे, बाकीचे हौशी आहेत. मागच्या खेपेला परतीच्या चढावर एका सोबत्याला चक्कर आली आणि तो वाटेतच बसून राहिला. पुढे गेलेल्यांना ही गोष्ट तासभर कळलीसुद्धा नाही. या वेळी किती वाजता निघावे, पाणी किती न्यावे आणि सर्वांना एकत्र कसे ठेवावे?

उत्तर : तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण पाणी आणि वेळ यांची गणिते तुम्ही कितीही काटेकोर मांडली तरी गट फुटला की ती निरुपयोगी ठरतात.

गटाने चालताना त्रास लपवला जातो, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये या संकोचापोटी डोके दुखत असलेला माणूस बोलत नाही, आणि तो बोलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ‘सगळे ठीक आहेत ना?’ असे मोघम विचारू नका. प्रत्येक थांब्यावर एकेकाला नावाने विचारा की शेवटचे पाणी कधी प्यालास, काही खाल्लेस का, लघवीला गेला होतास का. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगेच मागे ठेवा आणि रांगेच्या शेवटी एका अनुभवी माणसाला नेमा, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. आणखी एक अन्याय नकळत घडतो. पुढचे लोक दहा मिनिटे सावलीत बसतात, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि तो आला म्हणून सगळे उठतात; ज्याला विश्रांतीची खरी गरज होती, त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावी.

आता वेळेविषयी. डोंगरावर चढ आधी असतो, त्यामुळे दमलेल्या माणसाला तो दमल्याचे वेळेवर कळते. घळईत हा क्रम उलटा होतो : पहाटेच्या गारव्यात, ताज्या पायांनी आपण सहज उतरून जातो आणि चढ वाट्याला येतो तो भर दुपारी. त्यातच कोरड्या हवेत साधारण दर 100 मीटर खाली गेल्यावर तापमान सुमारे 1 अंश सेल्सियसने वाढते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे, आणि काठावर हवा सुखद असते त्याच उन्हाळी दुपारी नदीकाठी पारा 40 अंशांच्या वर गेलेला असतो. दिवसभर तापलेले खडक संध्याकाळीही उष्णता सोडत राहतात. तेथील उद्यान प्रशासन उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात आतल्या भागात चालू नये असे सांगते, आणि तोच नियम तुम्हीही पाळावा असे मला वाटते. उजाडण्यापूर्वी निघा, एक तासाच्या उतारासाठी परतीचे दोन तास धरा आणि मागे वळण्याची घड्याळातील वेळ आदल्या रात्रीच सर्वांसमोर ठरवा. ती वेळ झाली की ठरलेले ठिकाण वळणापलीकडे दिसत असले तरी वळायचे. गाडीत एक माणूस हौसेने थांबणार असेल, तर परतण्याची वेळ त्याला लिहून द्या.

उन्हात चालताना ताशी अर्धा ते एक लिटर पाणी लागते. प्रत्येकाने आपले पाणी स्वतःच्या पाठीवर न्यावे, म्हणजे गट दुर्दैवाने तुटला तरी कोणी कोरडा राहणार नाही. रक्तदाबाच्या वा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारणे आवश्यक आहे.

प्रश्न : अशाच एका पदभ्रमणात मी दिवसभर भरपूर पाणी प्याले, तरीही मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली. भूक नसल्याने काही खाल्ले नव्हते. सोबतचे ‘अजून पाणी पी’ असे सांगत राहिले आणि त्रास वाढला. असे का झाले असावे?

उत्तर : नेमके निदान तुमचे डॉक्टरच करू शकतील, परंतु तुम्ही केलेले वर्णन रक्तातील सोडियम कमी होण्याशी जुळते. घामावाटे मीठ जाते, आपण नुसते पाणी भरत राहतो आणि रक्तातील क्षार विरळ होतात. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण ही लक्षणे उष्णतेच्या त्रासासारखीच असल्याने सोबती सद्भावनेने नेमके उलटे औषध देतात. अशा वेळी रुग्ण किती पाणी प्याला आहे, पाण्यासारखी स्वच्छ लघवी वारंवार होते आहे का आणि बोटे सुजली आहेत का, हे पाहावे. तशी शंका आल्यास आणखी पाणी देऊ नये. खारट खायला द्यावे, आणि उलट्या होत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. भूक नसली तरी दर तासाला थोडे खारे खाणे, हा यावरचा साधा बंदोबस्त आहे.

याउलट अंग तापलेले असून माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा त्याला चालवत वर नेण्याचा प्रयत्न करू नये. जागच्या जागी सावलीत आडवा करून, कपडे व अंग भिजवून, वारा घालून आधी थंड करावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी मदत बोलवावी. कोरड्या हवेत ओल्या कपड्यातील पाणी झपाट्याने उडते आणि शरीरातील उष्णता घेऊन जाते, ही तेथील एकमेव सवलत आहे.

प्रश्न : आकाश निरभ्र असताना अरुंद घळईत पुराची भीती बाळगावी का?

उत्तर : होय. 12 ऑगस्ट 1997 रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक लोंढा आला आणि 11 पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस मुख्यतः काही मैल वरच्या बाजूला पडला होता. म्हणून केवळ डोक्यावरचे आकाश पाहू नका, ओढा जेथून येतो त्या संपूर्ण क्षेत्राचा अंदाज पाहा, आणि तेथे गडगडाटी पावसाची शक्यता असेल तर अरुंद भागात उतरू नका. आत असताना पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर प्रवाहाच्या दिशेने धावू नका. सामान सोडून मिळेल त्या उंच कपारीवर चढा आणि पाणी पूर्ण ओसरेपर्यंत तेथेच थांबा.